ग्वादिक्स (स्पेन): काउबॉयपटांचं स्टेशन आणि कॅमेऱ्याने टाळलेलं गाव

दगडफूल

ग्रानादाहून आल्मेरियाकडे जाणाऱ्या महामार्गावर पाऊण तासात ग्वादिक्स लागतं. बहुतेक पर्यटक ग्रानादातला अलहम्ब्रा राजवाडा पाहिला की थेट समुद्राकडे सुटतात आणि वेस्टर्नवेडे थेट ताबेर्नासच्या ओसाड माळांकडे. मधल्यामध्ये हे गाव राहून जातं, म्हणून हा धागा.

आधी सिनेमाचं सांगतो, कारण धागा उघडलात तो त्यासाठीच. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' आठवा. उजाड स्टेशन, गाडीची वाट बघणारे तीन गुंड, करकरणारी पवनचक्की, टोपीवर टपटपणारं पाणी, त्या गुंडांतल्या जॅक इलमच्या तोंडावर घोटाळणारी माशी. दहा मिनिटांहून जास्त वेळ ना संगीत, ना धड संवाद. पडद्यावर ही अमेरिका. प्रत्यक्षात ही जागा ग्वादिक्सपासून वीसेक किलोमीटरवर, ला कालाओरा गावाच्या माळावर, रुळांच्या कडेला आहे.

त्याच भागात स्टेशनाला लागून फ्लॅगस्टोन नावाचं अख्खं गाव उभं केलं होतं. नायिका क्लाउदिया कार्दिनाले गाडीतून उतरते, न्यायला कुणी आलेलं नसतं. ती स्टेशनच्या खोलीत शिरते, कॅमेरा बाहेरून खिडकीतून तिला बघतो आणि मग छपरावरून वर चढत पलीकडचं गजबजलेलं गाव दाखवतो. एन्यो मॉरिकोनेचं संगीत शूटिंगआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं, त्यामुळे क्रेनची चाल सुरांवर बेतलेली आहे. मग ती टांग्यात बसून निघते आणि थोड्याच वेळात मॉन्युमेंट व्हॅलीतून जाताना दिसते, म्हणजे युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर! एका कटमध्ये टांगा अटलांटिक ओलांडून गेला.

आता माझा मुद्दा. ला कालाओराच्या त्या माळावर उभं राहिलं की टेकडीवर एक किल्ला दिसतो. चार गोल बुरूज, त्यांवर घुमट, बाहेरून नुसता दगडी दरारा. १५०९ ते १५१२ मध्ये बांधलेला. आत गेलात तर इटलीहून आणलेल्या संगमरवराचा दुमजली चौक, नाजूक कोरीव खांब. स्पेनमध्ये इटालियन रेनेसाँ ज्या वास्तूंतून आधी आला त्यांतली ही एक. लिओने स्वतः इटालियन, पण त्याच्या चौकटीत हा किल्ला येऊन चालणारच नव्हता. सोळाव्या शतकातला किल्ला दिसला की अमेरिका संपली. ग्वादिक्सचं तेच झालं. जमीन हवी, ऊन हवं, रूळ हवेत, गाव नको.

आणि गाव कसलं, तर रोमनांची 'आक्की' ही वसाहत. मग मूरांचं (म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचं) शहर, अजून उभी असलेली त्यांची अल्काझाबा गढी. १४८९ मध्ये इसाबेल-फर्नांदो या राजाराणीच्या ताब्यात गेलं. मशिदीच्या जागेवर कॅथेड्रल सुरू झालं ते सोळाव्या शतकात, पुरं झालं अठराव्यात. त्यामुळे एकाच इमारतीत गॉथिक, रेनेसाँ आणि बारोक या तिन्ही बांधकामशैली भेटतात. दर्शनी बाजू भरगच्च बारोक आहे, मावळतीच्या उन्हात तांबूस पडते. आणि गावाच्या वरच्या अंगाला गुहांची वस्ती. साधारण दोन हजार गुहाघरं, आणि त्यांत माणसं राहतात.

गुहांवर विचारलंत तर लिहीन.

---

थालीपीठ

विचारलं! गुहेत राहतात म्हणजे नक्की कसं? उजेडाचं काय, ओल नाही का येत? आमच्याकडे साध्या बंगल्याच्या भिंतीला श्रावणात पोपडे सुटतात.

---

दगडफूल

थालीपीठताई, पाऊसच बेताचा, त्यामुळे ओलीची कथा वेगळी. डोंगर चिकणमातीचे, कुदळीने खोदता येतील इतके मऊ आणि खोदल्यावर हवेने टणक होणारे. दर्शनी भिंत, दार, एखादी खिडकी एवढंच बाहेर. पहिली खोली उजेडाची, तिथे बैठक. जसजसं आत जावं तसतसा काळोख, तिथे झोपायच्या खोल्या आणि कोठार. वारा खेळावा म्हणून धुराडी सरळ डोंगरातून वर काढलेली. वरून चालताना जमिनीतून चुना मारलेली पांढरी बोंडुकली वर आलेली दिसतात आणि लक्षात येतं की आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर उभे आहोत. टीव्हीचे अँटेनाही मातीतूनच उगवलेले.

आत वर्षभर १८ ते २० अंश. बाहेर उन्हाळ्यात चाळिशीला टेकतं आणि हिवाळ्यात पाणी गोठतं (गाव ९०० मीटरच्या वर आहे आणि पाठीशी सिएरा नेवाडा), तेव्हा या आकड्याची किंमत कळते. घरात पाळणा हलला की आणखी एक खोली खोदायची. वीज, नळ, इंटरनेट सगळं आहे. काही गुहांची छोटी हॉटेलं झालीत. एक गुहा संग्रहालय म्हणून ठेवली आहे, तिथे जुनी अवजारं, भांडी, जनावरांची जागा बघायला मिळते.

ही वस्ती आली कुठून? गाव ख्रिस्ती सत्तेखाली गेल्यावर तटाच्या आतून बाहेर ढकलले गेलेले मुस्लिम आणि पुढे बळजबरीने धर्मांतर झालेले मोरिस्को या डोंगरात सरकले, असं सांगितलं जातं. नंतर गरीब ख्रिस्ती आणि जिप्सी कुटुंबंही आली. म्हणजे आज जिथे पर्यटक सेल्फी काढतात ती एके काळची गावकुसाबाहेरची वस्ती.

---

आगगाडीवेडा

धाग्यात रूळ आले म्हणजे मला बोलणं भाग आहे.

तो लोहमार्ग सिनेमासाठी नव्हता, लोखंडासाठी होता. ला कालाओराच्या शेजारी आल्किफे नावाची लोहखनिजाची प्रचंड उघडी खाण आहे. ग्वादिक्स-आल्मेरिया मार्ग १८९५ मध्ये सुरू झाला आणि खनिज त्यावरून समुद्राकडे जाऊ लागलं. आल्मेरियाच्या किनाऱ्यावर 'काब्ले इंग्लेस' हा लोखंडी धक्का अजून उभा आहे, १९०४ चा. आल्किफेच्या इंग्रज खाण कंपनीने तो बांधला तो वाघिणीतलं खनिज सरळ जहाजात ओतायला. खाण १९९६ मध्ये बंद पडली.

आता गंमत. अमेरिकेत रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर. स्पेनमध्ये १६६८. पुढच्या वेळी तो सिनेमा बघाल तेव्हा रुळांकडे बघा, रूळ सरळ सरळ रुंद दिसतात. तीन गुंड अमेरिकन, बंदुका अमेरिकन, रूळ मात्र पक्के स्पॅनिश.

आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे स्पेनपेक्षा फक्त ८ मिलिमीटर जास्त. जगात इतक्या जवळचे शेजारी फार नाहीत. २०१६ मध्ये स्पेनच्या टॅल्गो गाडीच्या चाचण्या भारतात झाल्या आणि ती दिल्लीहून मुंबईपर्यंत धावली, ते अनेकांना आठवत असेल.

ग्वादिक्स स्टेशनात 'बाल्डविन' म्हणून ओळखलं जाणारं एक जुनं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय. ते पाहिलंत का, हा माझा खरा प्रश्न.

---

चकवा

गेज आलं. आता फक्त शोलेची वाट बघतोय.

---

जुनाजाणता

घ्या चकवाराव, आलो.

लिओनेच्या त्या चित्रपटात मॅकबेन कुटुंब जेवणाची तयारी करत असतं आणि गुंड येऊन सगळ्यांना संपवतात. शेवटी लहान मुलगा उरतो. ठाकूरचं कुटुंब ज्या रीतीने मारलं जातं तो प्रसंग तिथूनच उचललाय, हे दोन्ही पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. झोपाळ्याची करकर आमची, पवनचक्कीची त्यांची. आगगाडीवेडा, तुमच्यासाठी: शोलेतला आगगाडीवरचा दरोडा पनवेलजवळ चित्रित झाला, म्हणजे तोही ब्रॉडगेजवरच!

आम्ही हे चित्रपट मुंबईत मॅटिनीला बघितले. इंग्रजी अर्धंच कळायचं, पण लिओनेच्या चित्रपटात संवाद असतात किती? डोळे, टाचांचा आवाज, आणि मॉरिकोने. तेव्हा आम्ही त्याला अमेरिकाच समजत होतो. टेक्सास असंच असतं अशी आमची ठाम समजूत होती. पुढे भाचा टेक्सासला गेला, त्याने फोटो पाठवले, तर सगळीकडे गवत!

त्या तीन गुंडांपैकी बोटं मोडणारा जो आहे, अल मुलॉक, त्याने शूटिंगच्या दिवसांतच ग्वादिक्समध्ये हॉटेलच्या खिडकीतून उडी टाकून जीव दिला. हे वाचल्यापासून ती सुरुवात मला पूर्वीसारखी मजेत बघता येत नाही.

---

माद्रिदकर

इकडे राहतो म्हणून थोडी भर, थोडा विरोध.

भर अशी की स्पेनच का, तर पैसा. इटालियन, स्पॅनिश आणि कधी जर्मन निर्माते एकत्र येऊन चित्रपट काढायचे, त्यामुळे दोन-तीन देशांच्या सवलती मिळायच्या. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मजुरी स्वस्त आणि सैन्य भाड्याने मिळायचं. लिओनेच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चं ते गोल कब्रस्तान उत्तरेला बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोसच्या जवळ आहे. जवळपास पाच हजार खोट्या थडग्यांचं ते कब्रस्तान १९६६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी रचलं. त्याच चित्रपटात उडवायचा पूल सैन्याच्या अधिकाऱ्याने इशाऱ्याचा गैरसमज होऊन कॅमेरे चालू नसतानाच उडवून दिला, मग सैन्यानेच तो पुन्हा बांधून दिला आणि पुन्हा उडवला. कब्रस्तान नंतर गवताखाली गाडलं गेलं होतं. २०१५ पासून स्थानिक हौशी मंडळींनी कुदळ-फावडी घेऊन ते परत मोकळं केलं. त्यावर माहितीपटही झाला.

विरोध असा की दगडफूल, तुम्ही सिनेमाला फार उपरं ठरवताय. ही दुष्काळी मुलूख सोडून लोक बार्सेलोनाला आणि जर्मनीला कामाला जात होते तो हा काळ. त्याच वेळी इथे घोडे लागत होते, सुतार लागत होते, मेक्सिकन म्हणून उभी राहायला माणसं लागत होती. जिप्सी वस्तीतल्या लोकांना पहिल्यांदा रोख पैसे मिळाले ते कधी मेक्सिकन, कधी रेड इंडियन बनून. सत्तरीच्या मध्यावर लाट ओसरली, स्पेन महाग झाला, लोकही या चित्रपटांना कंटाळले. पण आजही कुणाच्या तरी आजोबांनी घोड्यावरून पडायचे पैसे घेतले आहेत. रोमन आक्की हा गावाचा इतिहास, आणि हा नाही?

---

दगडफूल

माद्रिदकर, आजोबांचा इतिहास मान्य, अगदी मान्य. माझं भांडण पाट्यांशी आहे. पर्यटक 'इथे अमुक सीन झाला' ही पाटी बघतो, तिच्यासमोर हात कमरेवर ठेवून फोटो काढतो आणि निघतो. इब्न तुफैल या गावचा. बाराव्या शतकातला वैद्य आणि तत्त्वज्ञ. निर्मनुष्य बेटावर एकटं वाढलेलं मूल नुसत्या निरीक्षणातून आणि विचारातून ज्ञानापर्यंत कसं पोहोचतं, ही कथा त्याने अरबीत लिहिली आणि पुढे युरोपने ती आवडीने वाचली. ब्वेनोस आयरेसची पहिली वस्ती १५३६ मध्ये वसवणारा पेद्रो दे मेंदोसाही इथलाच. म्हणजे अमेरिकेत गाव वसवायला इथून माणूस गेला आणि चारशे वर्षांनी खोटी अमेरिका वसवायला लोक इथे आले. हे कुठल्याही पाटीवर नाही.

शिवाय ग्वादिक्सचं नशीब बघा. वेस्टर्नमध्ये अमेरिका झालं, मेक्सिको झालं. १९८९ च्या इंडियाना जोन्सच्या चित्रपटात त्याचं स्टेशन तुर्कस्तानातलं इस्केंदेरुन झालं, पाट्या बदलून, फेज टोप्या घातलेली माणसं उभी करून. सगळी सोंगं काढून झाली, स्वतःचं तेवढं राहिलं.

इंजिनाबद्दल: आगगाडीवेडा, ते एरवी शेडमध्ये बंद असतं, आधी चौकशी करून जावं. मला दाराच्या फटीतून चाकं दिसली तेवढीच.

---

आगगाडीवेडा

चाकं दिसली?! किती होती?

---

दगडफूल

:) फटीत जेवढी मावली तेवढी.

---

सूर्यपुत्र

माझं काम सौर प्रकल्पांचं आहे, म्हणून एक जोड. त्याच पठारावर, ला कालाओरा आणि आल्देइरेच्या शिवारात 'आंदासोल' आहे. युरोपातला नळीदार आरशांचा पहिला व्यापारी सौर-औष्णिक प्रकल्प, २००८-०९ मध्ये सुरू झाला. तीन संच, प्रत्येकी ५० मेगावॅट. अर्धगोल लांबट आरसे उन्हाच्या मागे फिरतात, नळीतलं तेल तापतं, त्या उष्णतेने वितळलेल्या क्षारांच्या टाक्या भरून ठेवतात आणि सूर्य मावळल्यावरही साडेसात तासांपर्यंत वीज काढता येते.

जागा का निवडली, तर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासची उंची, स्वच्छ कोरडी हवा, ढग कमी. कॅमेरामनला जे हवं होतं तेच आम्हा इंजिनिअर लोकांना हवं असतं. फक्त प्रकल्पाला पाणी लागतं, वाफ गार करायला आणि आरसे धुवायला, आणि या मुलखात ते सिएरा नेवाडाच्या बर्फावर अवलंबून आहे. ऊन फुकट असलं तरी प्रकल्प फुकटात चालत नाही.

दगडफूल, फ्लॅगस्टोनचं काही उरलंय का? आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्या यजमानांना फक्त आरसे दाखवायचे होते.

---

दगडफूल

विटांच्या थोड्या भिंती उरल्यात, रुळांजवळ. आत काटेरी झुडपं. लाकडाचं होतं ते कधीच गेलं असणार. तुम्ही दिलेली आरशांची माहिती भारी आहे, वेगळा धागा काढाच.

---

एकटाजीव

सगळ्यांचं वाचलं. एक बाळबोध शंका. ताबेर्नास की ग्वादिक्स? सप्टेंबरात आंदालुसियाला चाललोय, हाताशी एकच दिवस मोकळा आहे. लेक बारा वर्षांची, तिला घोडे आणि बंदुका हव्यात, मला नकोत.

---

माद्रिदकर

लेकीचं ऐका, ताबेर्नासला जा. तिथे तीन ठिकाणं आहेत. मिनी हॉलिवूड म्हणजे लिओनेच्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी सेट रचणाऱ्या कार्लो सीमीने उभारलेलं एल पासो गाव, आता त्यात प्राणिसंग्रहालय आणि जलतरण तलावही घुसलेत. फोर्ट ब्राव्हो जरा जास्त मोडकळीला आलेलं, म्हणून जास्त खरं वाटतं. तिसरं वेस्टर्न लिओने, मॅकबेनचं ते मोठं लाकडी घर तिथे आहे. तिन्हीकडे ठरावीक वेळी बँक लुटतात, कुणीतरी बाल्कनीतून पडतं, मग तोच माणूस उठून तुम्हाला सरबत विकतो. 'युरोपातलं एकमेव वाळवंट' ही तिथली जाहिरात मात्र फार मनावर घेऊ नका.

वेळ उरला तर लोस आल्बारिकोकेस. पांढऱ्या घरांचं छोटं खेडं, गल्ल्यांना वेस्टर्न चित्रपटांतल्या नटांची नावं दिलीत. गावाबाहेर मळणीचं दगडी खळं आहे, त्या गोल खळ्यातच 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'चं शेवटचं द्वंद्व झालं.

---

थालीपीठ

मी विरुद्ध मत देते. सप्टेंबर म्हणालात ना? तारीख कुठली? मी आत्ताच शोधलं, ९ सप्टेंबरला ग्वादिक्समध्ये 'कास्कामोरास' नावाचा काय भन्नाट प्रकार असतो! मूर्ती एका गावची की दुसऱ्या, यावरून बासा आणि ग्वादिक्स यांचं पाचशे वर्षांचं भांडण. ग्वादिक्सचा एक माणूस रंगीबेरंगी विदूषकी कपडे घालून ६ तारखेला बासाला मेरीची मूर्ती आणायला जातो. तो मूर्तीपाशी स्वच्छ पोहोचला तर मूर्ती त्याची, म्हणून बासाचे लोक त्याला काळ्या रंगाने माखून टाकतात. मग ९ ला रिकाम्या हाताने घरी परतला म्हणून स्वतःच्या गावचे लोकही माखतात! बारा वर्षांच्या मुलीला बंदुका काय करायच्यात?

---

चकवा

आणि बापाला काळा रंग लागला तर पूर्ण पैसे वसूल.

---

एकटाजीव

:) तारीख ८ ते १४ आहे. लेकीला विचारलं. म्हणते रंगही हवा आणि घोडेही हवेत. म्हणजे आता एका दिवसाचे दोन दिवस करायला लागणार. गुहेतल्या हॉटेलात त्या रात्री जागा मिळते का, दगडफूल? आणि त्या दिवशी गाडी लावायची कुठे?

---

दगडफूल

९ ची रात्र आत्ताच बघा, त्या दिवशी परगावी गेलेला अख्खा ग्वादिक्स घरी येतो. गाडी गावात अजिबात नेऊ नका, मिरवणुकीच्या रस्त्यावर लावलीत तर तीही कास्कामोरास होईल. स्टेशनच्या बाजूला लावा आणि चालत या. जुने कपडे, जुने बूट, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी उशिरा उठून कॅथेड्रल, मग ला कालाओराचा किल्ला. किल्ला खासगी मालकीचा आहे, मोजक्याच वेळी उघडतो, फोन करून विचारा. तिथून ताबेर्नास गाडीने तासाभराच्या आत. बँक लुटायच्या वेळेला पोहोचाल.

---

आगगाडीवेडा

एकटाजीव, स्टेशनच्या बाजूलाच गाडी लावणार आहात, तर शेडच्या फटीतून चाकं मोजून आणाल का?